"मॅडम, याला पेशन्सच नाही"

माझ्याकडे मुलांच्या समुपदेशनासाठी येणाऱ्यांत हे वाक्य खुर्चीत बसायच्या आधीच बोलणारे पालक बरेच असतात. ठाण्याची एक आई आली होती (ओळख पटू नये म्हणून तपशील बदललेत), मुलगा नऊ वर्षांचा, गेममध्ये हरला की मोबाईल फेकणार, जेवायला दोन मिनिटं उशीर झाला की आरडाओरडा, आणि आता गॅलरीत कुंड्या आणल्या तर पठ्ठ्या रोज माती उकरून बी बघतोय. आईला त्या उकरण्याचाच जास्त राग. मला उलट तेच आवडलं, बघायचंय म्हणजे इंटरेस्ट आहे की!

थांब म्हणून आपण सांगतो, पण थांबायचं म्हणजे तोपर्यंत करायचं काय हे कोणी सांगतच नाही मुलांना. मानसशास्त्रज्ञ वॉल्टर मिशेलनी स्टॅनफर्डला मार्शमेलोचे प्रयोग केले (समोरचा खाऊ आत्ता खाल्लास तर एकच, थांबलास तर दोन), त्यातसुद्धा गाणी म्हणत, दुसरीकडे बघत बसलेली पोरं जास्त थांबली, खाऊकडे टक लावून बसलेली नाही.

मग या मुलाला काचेचा ग्लास घ्यायला लावला, आत ओला टिश्यू आणि काचेला चिकटून राजम्याचे दाणे. यात हवं तेवढं बघ, कुंडी उकरायची नाही. आणि आधी मेथी, कारण ती तीन-चार दिवसात वर येते नि महिन्याभरात भाजी होते. मग धने रगडून, त्यांना आठ-दहा दिवस तरी लागतात. मिरची शेवटी, रोप लावल्यावरही दोनेक महिने जातात. आईला मिरचीच आधी हवी होती, वर "साधारण किती दिवसात फरक पडेल मॅडम?" (मुलगा कोणावर गेलाय ते कळलं.)

खरा घोळ दोडक्याने घातला. फुलं आली आणि भराभर गळायला लागली, याने चिडून वेलच ओढला, आईचा रडवेला फोन. अहो, दोडक्याला आधी नर फुलं येतात ती गळणारच, मादी फुलाच्या मागे इवलासा दोडका असतो तो शोधायचा. फुलं उमलतात संध्याकाळी, म्हणजे पोराला रोज संध्याकाळचं काम मिळालं, नर फूल तोडून मादी फुलाला हलकेच टेकवायचं. वेल अर्धा वाचला होता म्हणून जमलं.

आता हरला की ओरडतो अजून, पण मोबाईल फेकत नाही. सगळं श्रेय बागेला मी देणार नाही, आईने "झालं का, झालं का" करणं कमी केलं त्याचा वाटा मोठा आहे.

पण घरी आणि शाळेत दोन्हीकडे, सहा महिन्यांच्या वर असाच उतावळेपणा असेल, अभ्यास आणि मित्र दोन्ही हातचे जात असतील, तर कुंड्या आणत बसू नका, बालमानसोपचारतज्ज्ञांना दाखवून घ्या.