नवतीवरची अळी अन् वाळूतली अंडी

प्रश्न : सर, मार्चमंदी पोरीसंगं कोकणात वेळासले गेलो होतो. तिथं लोक कासवाची अंडी जाळीत राखतात, पिल्लं समुद्रात सोडतात. अन् मी इकडं संत्र्याच्या कलमांवरच्या अळ्या रोज सकाळी चिरडतो. पोरगी म्हणते, बाबा, ते बी फुलपाखराचं लेकरूच हाय. तिले काय सांगू?
— एक संत्रा बागायतदार, वरुड तालुका

उत्तर : भाऊ, पोरगी बरोबर बोलली. ती अळी लिंबू फुलपाखराची, उन्हात बागभर भिरभिरणाऱ्या त्या काळ्या-पिवळ्या फुलपाखराची. लहान असते तेव्हा ती चिमणीच्या विष्ठेसारखी दिसते. मोठी झाली की हिरवीगार. बोट लावून पाहा, डोक्यामागून नारिंगी शिंगं काढेल आणि असा वास सोडेल की हात धुवायला पळाल.

हिची आई आणि कासवीण, दोघी अंडी घालून निघून जातात, पिल्लांचं तोंड पाहत नाहीत. पण जागेच्या बाबतीत भारी चोखंदळ. फुलपाखरीण पायांनी पानाची चव घेते, कोवळ्या नवतीवर, म्हणजे नव्या पालवीवर, एक अंडं ठेवते, की पुढच्या फांदीवर. वेळासची ऑलिव्ह रिडले जातीची कासवीण मात्र रात्री वाळूत खड्डा करून शंभराच्या आसपास अंडी एकाच ठिकाणी घालते. कुत्र्याला, कोल्ह्याला, माणसाला सापडलं की सगळंच गेलं. म्हणून ती जाळी. (पिल्लू नर की मादी हे वाळूच्या उबेवर ठरतं, गरम असेल तर माद्या जास्त. आपल्या मे महिन्यात वरुडला अंडी पुरली असती तर उकडूनच निघाली असती.)

खरा फरक वेळेचा आहे. उष्ण दिवसांत अंड्याचं फुलपाखरू व्हायला जेमतेम महिना, वर्षाकाठी कितीतरी पिढ्या. कासवाचं अंडं फुटायलाच ४५ ते ६० दिवस, आणि ते पिल्लू स्वतः अंडी घालायला लागेपर्यंत दहाहून जास्त वर्षं. २०२१ मध्ये ओडिशाच्या किनाऱ्यावर बिल्ला लावलेली एक मादी २०२५ मध्ये गुहागरला अंडी घालताना सापडली! इतकं फिरून जगलेल्या कासविणीची शंभर अंडी गेली तर तो खड्डा लवकर भरून निघत नाही. तुम्ही चिरडलेल्या दहा अळ्यांची जागा पुढच्या नवतीला भरलेली असते, हे तुम्हीच जाणता.

तेव्हा रोपवाटिकेतल्या आणि वर्ष-दोन वर्षांच्या कलमांवरच्या अळ्या वेचाच, नाहीतर झाडाला काड्याच राहतील. मोठ्या झाडाला त्यांचं फारसं काही वाटत नाही, तिथे फवारा घेऊन धावू नका. हिची अंडी खाणाऱ्या बारीक गांधीलमाश्याही त्यात मरतात.

आणि पोरीसाठी विहिरीजवळ गोडनिंब लावा. अळीला तोही चालतो. वेचलेल्या अळ्या तिनेच डब्यात घालून तिथे सोडाव्यात. मी तेच करतो. आमच्या घरी मात्र वरणाच्या फोडणीला पानं शेजारून मागून आणावी लागतात, आणि त्यावरून मला रोज ऐकावं लागतं.