रोज ऑफिसला जायला काळी दांडीवाली सायकल घेतली तर दूधवाल्यासारखं दिसेल का?

दिसेल. पुढे?

रागावू नका, पण सरळ बसायची सायकल, स्टीलची फ्रेम, वीस किलो वजन, गिअर नाही, रोजचे सात-आठ किलोमीटर हे सगळं तुम्ही व्यवस्थित लिहिलंत आणि अडलात कुठे, तर दूधवाल्यापाशी. माझे वडील दूधवाले होते. हरिपूरहून सांगलीत गावभागात रतीब घालायचे, चोवीस इंची फ्रेमच्या ॲटलास सायकलवर, गुडघे जाईपर्यंत. कॅरिअरच्या दोन्ही अंगांना वीस-वीस लिटरच्या किटल्या, हँडलला मापं आणि शाळेला सुट्टी असली की पुढे आडव्या नळीवर मी. त्याच सायकलवर नळीखालून पाय घालून शिकले, सीटवर बसून पाय पोचायला आठवी उजाडली.

हरिपूर रस्त्याला चिंचांची सावली भरपूर, पण खड्डेही तेवढेच. अठ्ठावीस इंची चाक खड्ड्यात आपटत नाही, वरून निघून जातं. पुढचा चिमटा चांगला पुढे कललेला असतो, धक्का बराचसा तिथेच मुरतो. हँडल वर, पाठ ताठ, नजर रस्त्यावर. मनगटावर भार नाही. चाळीस लिटर दूध हिंदकळू न देता जी सायकल न्यायची, ती तुमचा लॅपटॉप आणि डबा नेईल का, हे विचारूच नका.

वडील गेल्यावर सायकल माझ्याकडे आली. कारण धाकट्या भावाला ती दारात नको होती. "अक्का, भंगारात किलोवर जाईल ती, तेवढीच तिची किंमत," हे त्याचं वाक्य. त्याने स्वतःला एकवीस गिअरची घेतली, पुढे सस्पेन्शन, दोन्हीकडे डिस्क ब्रेक. सांगलीत! जिथे आयर्विन पुलाची चढण सोडली तर चढ म्हणून दाखवायला काही नाही. एकवीसपैकी तो तीन वापरायचा, तेही चुकून.

मग २०१९ चा ऑगस्ट आला. कृष्णेला पूर आला, आयर्विन पुलाजवळ पाणी सत्तावन्न फुटांवर गेलं. आम्ही अंगावरच्या कपड्यांनिशी निघालो आणि माझी सायकल जिन्याखाली राहिली. दोन गल्ल्या सोडून भावाचीही राहिली. आठवड्याने परतलो तेव्हा गाळात फक्त हँडल आणि सीट दिसत होतं.

आमच्या सायकलवाल्याचं दुकानही बुडालं होतं. तो पाने, हातोडी आणि छर्ऱ्यांचा डबा घेऊन रस्त्यावर पोतं टाकून बसला होता. त्याने सायकल उलटी केली. क्रँक, म्हणजे पायडलचा दांडा, एक्सलला पक्का धरणाऱ्या कॉटर पिनेचं नट ढिलं करून टोकाशी आणलं, पूर्ण काढलं नाही, नाहीतर हातोडीने आटे चेपतात. क्रँकखाली लाकडाचा ठोकळा धरायला मला सांगितलं आणि एकच टोला. पिन सुटली. मधला एक्सल ओढला तर आधी चहासारखं पाणी आलं, मग गाळ, नळ्यांमधून कितीतरी वेळ गळतच होता. रॉकेल आता कुठे मिळतंय, म्हणून स्टीलच्या ताटलीत डिझेल ओतलं आणि छर्रे त्यात टाकले. मागच्या चाकाच्या हबात, म्हणजे मधल्या तुंब्यात, पाव इंची छर्रे, एका बाजूला नऊ. मी मोजत होते. प्रत्येक छर्रा नखाने फिरवून बघायचा, चरा पडलेला असला की गाळात भिरकवायचा. नवे घातले, ग्रीस भरलं, छर्रे दाबून धरणारा कोन आवळला, पुन्हा किंचित ढिला केला. चाकाचा आउट, म्हणजे वाकडेपणा, काढला. चामड्याची सीट मात्र पापडासारखी वाकली होती, ती बदलावी लागली. मजुरी आणि छर्रे धरून साडेतीनशे रुपये. संध्याकाळी त्याच सायकलवर पाण्याचे कॅन आणले.

भावाची सायकल तशीच उभी राहिली. केबली आतून गंजल्या, पुढचं सस्पेन्शन अडकलं, मागचा गिअर हलेना. सुट्या भागांसाठी कोल्हापूरला निरोप गेला. दिवाळीपर्यंत वाट बघून त्याने ती विकली. कशी, ते विचारा. किलोवर.

त्याचं म्हणणं अजून असं की, त्याच आठवड्यात उघडली असती तर त्याचीही वाचली असती, पण तो घरातला गाळ उपसत होता. खरं आहे, मी नाकारत नाही. पण उघडणार कोण होतं? माझी उघडायला दोन पाने, एक हातोडी आणि रस्त्यावर बसलेला माणूस पुरला. ॲटलास कंपनीने दिल्लीजवळच्या साहिबाबादचा कारखाना ३ जून २०२० ला, नेमका जागतिक सायकल दिनी, बंद केला. तेव्हा "आता सुटे भाग आण तुझे" असा त्याचा मेसेज आला होता. या घडणीच्या सायकलींत एका कंपनीचा भाग दुसरीच्या सायकलीला बसतो, म्हणून कंपनी गेली तरी मला त्यानंतर काही अडलेलं नाही.

आता तुमचं. उंची साडेपाच फुटांच्या आत असेल तर बावीस इंची फ्रेमची घ्या, चोवीसच्या नादाला लागू नका. चेनच्या पुढच्या चक्राला चव्वेचाळीस आणि मागच्याला अठरा दात असतात, म्हणजे पायडलच्या एका फेऱ्यात सायकल साधारण साडेपाच मीटर जाते. सपाटीला छान, चढाला मांड्या भरतात. मागचं चक्र, म्हणजे फ्रीव्हील, वीस किंवा बावीस दातांचं बसवून घ्या, फार खर्च नाही. पायडल मारताना दर फेऱ्याला टक् आवाज आला तर कॉटर ढिली झाली समजा, त्याच दिवशी ठोकून घ्या. नाहीतर क्रँक बाद.

एक गोष्ट आधीच सांगायला हवी होती. या सायकलींचे ब्रेक केबलऐवजी सळईने ओढले जातात. पावसात हे सळईचे ब्रेक लागत नाहीत. लागतात, पण तुम्हाला हवं तिथे नाही, त्याच्या पुढे. स्टीलची रिम ओली झाली की रबर नुसतं घसरतं, तेव्हा जून ते सप्टेंबर हळू चालवा आणि अंतर ठेवा. आणि घर तिसऱ्या मजल्यावर असून लिफ्ट नसेल, किंवा वाटेत खरोखरचा घाट असेल, तर माझं ऐकू नका, गिअरचीच घ्या. तुम्ही कुठे राहता ते लिहिलेलंच नाही.

दिसण्याचं म्हणाल, तर कॅरिअरचे किटलीचे दोन्ही हुक मी अजून काढलेले नाहीत. एकात भाजीची पिशवी असते, दुसऱ्यात छत्री. भावाचा मुलगा सध्या नळीखालून पाय घालून शिकतोय. भावाची अट एवढीच आहे की आधी ते हुक काढ.