व्हॉर्टन गावचा लेखक आणि तुझी आत्या

प्रिय पोरी,

तुझा मेसेज परवा रात्रीच वाचला, पण उत्तर दिलं नाही, कारण तेव्हा दिलं असतं तर त्या मीटिंगवाल्यांना नुसत्या शिव्या घातल्या असत्या आणि त्याने तुझं काही भलं झालं नसतं. तर त्यांचं म्हणणं काय, स्क्रिप्ट छान आहे पण "काही घडत नाही", आत्या वाडा विकते, भांडी वाटते, निघून जाते, मग एखादा खून टाका नाहीतर ॲक्सिडेंट तरी टाका. आणि तू लगेच टाकलास पण! सतरा नंबरचा सीन वाचला मी. तो ट्रक आला कुठून गं?

तुला हॉर्टन फूट माहितीये का? नावाने नसेल, पण 'टू किल अ मॉकिंगबर्ड' पिक्चर बघितलायस ना, १९६२ चा, त्याची पटकथा ह्याची. त्यासाठी ऑस्कर मिळालं, पण आपल्याला कुठलं मिळतंय असं धरून हा माणूस समारंभाला गेलाच नव्हता.

टेक्सासमधलं व्हॉर्टन हे त्याचं गाव, जन्म १९१६, वडिलांचं कपड्याचं दुकान. ह्याला व्हायचं होतं ॲक्टर, म्हणून कॅलिफोर्नियात पासाडेनाला शिकायला गेला, तिथून न्यूयॉर्क. तिथल्या नाटकाच्या ग्रुपमध्ये इम्प्रोव्हायझेशन, म्हणजे स्क्रिप्टशिवाय आयत्या वेळी सुचेल ते करून दाखवणं, चालायचं, ह्याने गावाकडचं काहीतरी करून दाखवलं आणि ते बघून ॲग्नेस डी मिल ह्या नृत्यदिग्दर्शिकेने विचारलं, तू लिहीत का नाहीस? झालं, लिहायला लागला, ॲक्टिंग हळूहळू सुटली, आणि पुढची जवळजवळ सत्तर वर्षं तेच एक गाव लिहीत राहिला, फक्त नाव बदलून हॅरिसन केलं. तू मला विचारलंस ना की गावाकडचं संपलं की मग काय लिहू. एक आत्या लिहून झाली नाही अजून आणि गाव संपायची काळजी!

त्याचं 'द ट्रिप टू बाऊंटिफुल' वाचच. ह्यूस्टनमध्ये मुलगा-सुनेबरोबर छोट्याशा फ्लॅटमध्ये राहणारी एक म्हातारी, सून पेन्शनच्या चेकवर डोळा ठेवून, आणि म्हातारीला मरायच्या आधी एकदा आपलं गाव बघायचंय. ती चेक लपवते आणि पळून जाते, बसने. पोचते तर गावात कुणीच नाही, शेवटची उरलेली मैत्रीण पण नुकतीच गेलेली, घर मोडकळीला आलेलं. मग मुलगा न्यायला येतो आणि ती परत जाते. एवढंच. हे १ मार्च १९५३ ला एनबीसी ह्या अमेरिकन चॅनेलवर टीव्हीनाटक म्हणून झालं, म्हातारी लिलियन गिशने केली, त्याच वर्षी न्यूयॉर्कच्या ब्रॉडवे रंगभूमीवर गेलं आणि तिथे फार चाललं नाही. नंतर १९८५ ला पिक्चर आला आणि जेराल्डिन पेजला ऑस्कर. मधल्या बत्तीस वर्षांत म्हातारीच्या बसला कुणी ट्रक धडकवला नाही.

आता तू म्हणशील सर, घडायला काही नकोच का. तसं नाही, ॲक्सिडेंट त्याच्याकडे पण आहे. 'टेंडर मर्सीज' म्हणून १९८३ चा पिक्चर, रॉबर्ट डुव्हालचा. दारूने वाया गेलेला कंट्री गायक, कितीतरी वर्षांनी त्याची मुलगी भेटायला येते, विचारते की मी लहान असताना तुम्ही ते कबुतराच्या पंखांचं गाणं म्हणायचात ना. तो म्हणतो, मला नाही आठवत. ती जाते, आणि मग हा खिडकीशी उभा राहून ते अख्खं गाणं म्हणतो. पुढे ती मुलगी गाडीच्या अपघातात जाते, पण तो अपघात पडद्यावर नाहीच, आपल्याला नुसतं कळतं, नंतर बाप भाजीच्या वाफ्यात कुदळ मारत बायकोशी बोलतोय एवढं दिसतं. मी तो सीन तीनदा मागे नेऊन बघितला. ट्रक लिहिणं सोपं आहे गं, ती खिडकी लिहायला मला अजून जमलेली नाही, आणि मी अकरा वर्षं डेली सोप लिहिलंय, तिथे मी किती ट्रक सोडले ते विचारू नकोस.

ह्या पिक्चरसाठी दुसरं ऑस्कर, ह्यावेळी मात्र गेला समारंभाला. आणि ह्याच डुव्हालला वीस वर्षांपूर्वी 'मॉकिंगबर्ड'मधल्या बू रॅडलीसाठी फूटनेच सुचवलं होतं, एकही डायलॉग नसलेला रोल! एकांकिकेतला तुझा तो बुटका मुलगा आहे ना, आत्याच्या पुतण्यासाठी त्याचा विचार कर.

सगळं गोडच झालं असं पण समजू नकोस. त्याच्या 'द चेस' नाटकाचा १९६६ ला पिक्चर झाला, मार्लन ब्रँडो वगैरे, पटकथा लिलियन हेलमनची, आणि मूळ नाटकाच्या मानाने भलतंच काहीतरी झालं. नंतर हा बायकापोरांना घेऊन न्यू हॅम्पशायरच्या जंगलात राहायला गेला. सत्तरच्या दशकात आईवडील वारले आणि तिथे बसून त्याने वडिलांच्या आयुष्यावर नऊ नाटकं लिहिली, कुणी मागितली नसताना. (सलग वाचताना मला दोनदा झोप लागली हे पण सांगतो, सगळीच काही भारी नाहीत.) नाटकाचं पुलित्झर पारितोषिक मिळालं १९९५ ला, वयाच्या एकोणऐंशीव्या वर्षी. ती नऊ नाटकं एकत्र रंगमंचावर आणायचं काम चालू असतानाच २००९ च्या मार्चमध्ये गेला, त्र्याण्णव पुरं व्हायला दहा दिवस होते.

म्हणून लगेच जंगलात जाऊ नकोस. डेलीचं काम सोडू नकोस, गोरेगावचं भाडं कोण भरणार? तोही टीव्हीसाठी लिहायचाच. फक्त त्या कामाची सवय आत्याच्या स्क्रिप्टला लागू देऊ नकोस.

तर सतरा नंबर काढून टाक. त्याऐवजी आत्या भांडी वाटते तो सीन परत लिही, तांब्याचा हंडा कुणाला देते आणि कुणाला मुद्दाम देत नाही ते मला कळलं नाही, ते तुला माहितीये, लिहिलेलं नाहीयेस. रविवारी सकाळी फोन कर आणि वाचून दाखव, मेल नको, डोळ्याचं ऑपरेशन झालंय.

सर