बर्लिनमध्ये शुक्रवार-शनिवार दोन रात्री आहोत, पाच मित्र. क्लबमध्ये आत घेतील का? किती वाजता जावं?

‘नऊला जेवून दहाला क्लबमध्ये’ असा बेत लिहिलाय तुम्ही. तो आधी मोडा. दहाला इथल्या बहुतेक क्लबांची दारंसुद्धा उघडलेली नसतात, रंग चढतो दोननंतर. पुण्यात दीडला दिवे लावून बाहेर काढतात, ती सवय जाता जात नाही. पहिल्या हिवाळ्यात मीही अकराला जाऊन बंद दारासमोर कुडकुडत उभा होतो.

पश्चिम बर्लिनमध्ये बार बंद करायच्या वेळेचं बंधन १९४९ सालीच उठलं. हाइन्झ झेलरमायर नावाचा हॉटेलवाला व्हिस्कीची बाटली घेऊन अमेरिकन कमांडंटकडे (युद्धानंतर शहराचा एक भाग अमेरिकन लष्कराच्या ताब्यात होता, त्याचा प्रमुख) गेला आणि काम करून आला, असं इथे कौतुकाने सांगतात. आता बर्गहाइन या इथल्या सगळ्यात गाजलेल्या टेक्नो क्लबमध्ये शनिवारी मध्यरात्री सुरू झालेली पार्टी सोमवारी सकाळी संपते. परतीचं विमान रविवारी रात्रीचं असेल तर शनिवारी खुशाल झोपा. रविवारी अंघोळ-नाश्ता उरकून दुपारी जा. निम्मे लोक हेच करतात.

आत घेतील का? पाच पुरुष एकत्र गेलात तर बहुधा नाही. आम्ही चौघं एकदा इस्त्रीचे शर्ट घालून, रांगेत मोठमोठ्याने खिदळत गेलो होतो. दारावरच्या माणसाने बुटांपासून वर नजर फिरवली आणि हळूच म्हणाला, ‘आज नाही.’ कारण सांगत नाहीत, हुज्जत घालायची नाही. दोघं-तिघं असे वेगवेगळे जा, साधे काळे कपडे घाला, आज कोण वाजवतंय ते बघून जा (कधीकधी विचारतात). रोख पैसे जवळ ठेवा.

खरं सांगू, पहिल्यांदाच जाताय तर बर्गहाइनचा हट्ट सोडा, ट्रेझोरला जा. हा क्लब १९९१ साली वेर्टहाइम या जुन्या डिपार्टमेंट स्टोअरच्या तळघरातल्या तिजोरीत सुरू झाला, नावही त्यावरूनच (जर्मनमध्ये ‘ट्रेझोर’ म्हणजे तिजोरी). २००७पासून तो कोपेनिकर रस्त्यावरच्या जुन्या वीजकेंद्रात आहे. खाली धूर, अंधार, आणि संगीतातल्या खर्जाचा दणका थेट बरगड्यांत. इअरप्लग न्याच. फोटोचा मोह नको. अनेक ठिकाणी दारातच मोबाइलच्या कॅमेऱ्यावर स्टिकर चिकटवतात. माझ्या फोनच्या पाठीवर एका स्टिकरचा चिकटा अजून आहे, त्याला धूळ बसते.

आणि दहा ते एक काय करायचं? ‘श्पेटी’ म्हणजे रात्री उशिरापर्यंत चालणारं कोपऱ्यावरचं दुकान. तिथून बिअर घ्या आणि बाटली हातात घेऊन रस्त्याने फिरा, इथे चालतं. मला तर क्लबपेक्षा हेच जास्त आवडतं. रिकामी बाटली मात्र कचऱ्यात टाकू नका, डब्याशेजारी उभी ठेवा. दुकानात परत दिली की तिच्या अनामतीचे ८ सेंट मिळतात, बाटल्या गोळा करणारं कुणीतरी पाच मिनिटांत घेऊन जाईल.