१,३४,००० किलोमीटर झालेली स्प्लेंडर: इंजिन बांधायचं, किती बांधायचं, की सरळ नवी घ्यायची?

नमस्कार. तुमचं पत्र सविस्तर होतं म्हणून बरं झालं, नाहीतर अशा प्रश्नाला अंदाजपंचे उत्तर द्यावं लागतं. बाकीच्या वाचकांसाठी थोडक्यात सांगतो. पत्र लिहिणारे बार्शीचे, औषधांच्या होलसेलरकडे डिलिव्हरीला आहेत, वैराग-कुर्डुवाडी बाजूला रोजचं ७० किलोमीटर रनिंग, पगार २२,०००, घरी बायको आणि पहिलीतली मुलगी. गाडी २०१३ ची स्प्लेंडर प्लस, हप्त्याला पाव लिटर ऑइल खाते, चढाला निळा धूर मारते, ॲव्हरेज ६५ वरून ४८ वर आलंय. मिस्त्रीने तीन आकडे दिलेत: हाफ इंजिन (वरचा ब्लॉक, म्हणजे सिलिंडर, आणि पिस्टन एवढंच नवं) ५,५००, फुल इंजिन (खालचा रॉड आणि क्रँकचे बेअरिंगही) ९,५००, आणि "एकदाच करून टाका, मोठा ब्लॉक, आयरिडियम प्लग, कोन फिल्टर (शंकूच्या आकाराचा उघडा एअर फिल्टर), वेगळं सीडीआय (प्लगला स्पार्क देणारं इलेक्ट्रॉनिक युनिट)" हे सगळं धरून १७,०००. शोरूमवाला म्हणतो २०,००० भरा आणि २,६०० च्या हप्त्यावर नवी न्या. बँकेत शिल्लक ३८,०००. आता करायचं काय?

आधी नवीन गाडीचं बघू, कारण मोह तिथेच जास्त आहे. २२ सप्टेंबर २०२५ पासून ३५० सीसीपर्यंतच्या दुचाक्यांवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आला, त्यामुळे नवी गाडी स्वस्त वाटतेय आणि ते खरंही आहे. पण तुम्हाला सांगितलेला व्याजदर १० टक्के हा फ्लॅट आहे. ७२,००० कर्जावर तीन वर्षं पूर्ण रकमेचं व्याज, म्हणजे २१,६००, एकूण फेड ९३,६००, भागिले ३६ म्हणजे तो २,६०० चा हप्ता. तुम्ही दर महिन्याला मुद्दल फेडत जाणार पण व्याज मात्र पहिल्या दिवसाच्या रकमेवरच लागत राहणार, म्हणून घटत्या शिलकेवर हिशोब केला तर हेच कर्ज जवळजवळ १८ टक्क्यांनी पडतं. शिवाय २०,००० भरले की हातात उरतात १८,०००, म्हणजे एक पगारसुद्धा नाही. मुलीला चार दिवस दवाखान्यात ठेवायची वेळ आली तर पुन्हा उसनवारी. मला हे पटत नाही.

आता इंजिनकडे येतो. ९,५०० खर्च केले आणि ॲव्हरेज ६५ नाही तरी ६० वर आलं असं धरू. महिन्याला २६ दिवस म्हणजे १,८२० किलोमीटर. ४८ च्या ॲव्हरेजने ३८ लिटर लागतं, ६० ने साधारण ३० लिटर, लिटर १०४ रुपये धरला तर महिन्याला ७९० वाचले. वरून महिन्याचं लिटरभर ऑइल टाकताय तेही थांबलं, ते ४०० धरा. म्हणजे आठ महिन्यांत इंजिनने स्वतःचे पैसे परत दिले! नवी गाडी याच्याही वर महिन्याला दोन-अडीचशेचं पेट्रोल वाचवेल हे मान्य, पण त्यासाठी २,६०० चा हप्ता भरायचा हा हिशोब जुळत नाही.

म्हणजे बांधायचं. पण किती, खरा प्रश्न तो आहे, आणि इथेच लोकांचे पैसे जातात, एकतर कमी खर्च करून नाहीतर जास्त करून.

मी स्वतः नोकरीच्या सुरुवातीला हाफ इंजिन केलं होतं. नवा ब्लॉक-पिस्टन टाकला, गाडी महिनाभर मस्त पळाली, आणि आठ महिन्यांत खालून खडखड सुरू झाली. कनेक्टिंग रॉड, म्हणजे पिस्टनला खालच्या क्रँकशी जोडणारा दांडा, गेला होता. वरचा भाग नवा झाल्यावर कॉम्प्रेशन वाढतं, तो सगळा दाब खालच्या झिजलेल्या बेअरिंगवर येतो. पुन्हा सगळं इंजिन उतरवलं, पुन्हा पॅकिंग, पुन्हा मजुरी, आणि कामावर पाच खाडे. त्या वेळी तो महिना कसा काढला ते मला अजून आठवतं, म्हणून तुम्हाला इतकं कळकळीने सांगतोय.

तेव्हापासून मी एकच प्रश्न विचारतो: हा पार्ट नंतर गेला तर त्याच्यापर्यंत पोचायला पुन्हा इंजिन खोलावं लागेल का? लागणार असेल आणि पार्ट झिजलेला असेल तर आत्ताच बदला. बाहेरून कव्हर काढून बदलता येत असेल तर जाईल तेव्हा बदला, आज त्याच्यावर पैसे अडकवू नका.

हे तुमच्या गाडीला लावू. कनेक्टिंग रॉड किट आणि क्रँकचे बेअरिंग यांच्यासाठी इंजिनची केस, म्हणजे बाहेरचं कवच, उघडावी लागते, म्हणून ते आत्ता. हाफ आणि फुलमधला फरक ४,००० चा आहे. हेच काम नंतर करायची वेळ आली तर ते ४,००० लागणारच, वरचा भाग पुन्हा खोलायची मजुरी आणि पॅकिंग १,५०० धरा, चार खाड्यांचे तुमच्या हिशोबाने ३,२००, म्हणजे ९,००० च्या घरात, आणि नवा पिस्टन खराब झाला तर त्याचे वेगळे. म्हणजे पुढच्या दीड-दोन वर्षांत खालचा भाग जायची शक्यता निम्म्याच्या आसपास असेल तरी आत्ताच बदललेला स्वस्त. १,३४,००० झालेल्या आणि एकदाही न खोललेल्या इंजिनात मी ती शक्यता निम्म्याहून जास्तच धरतो. तरी माझ्या शब्दावर जाऊ नका, ब्लॉक काढल्यावर समोर उभे राहा आणि मिस्त्रीला रॉड धरून वर-खाली हलवून दाखवायला सांगा. बाजूला थोडा हलतो तो हलणारच, त्याला काही अर्थ नाही, पण वर-खाली जराही प्ले, म्हणजे ढिलेपणा, लागला तर रॉड गेला. प्ले नसेल आणि क्रँक हाताने फिरवताना बेअरिंग गुळगुळीत वाटत असतील तर हाफवर थांबा, ४,००० वाचवा.

आणि हे सगळं खोलायच्या आधी एक दोनशे-तीनशेची टेस्ट करून घ्या, कॉम्प्रेशनची. एकदा तशीच घ्यायची, मग प्लगच्या भोकातून चमचाभर ऑइल सोडून पुन्हा घ्यायची. आकडा चढला तर पिस्टनच्या रिंगा आणि बोअर, म्हणजे सिलिंडरची आतली भिंत, झिजलेत, नाही चढला तर व्हॉल्व्हकडे बघायचं. नुसता सकाळी स्टार्ट करताना धूर आला असता तर मी व्हॉल्व्ह सीलवर भागवा म्हटलं असतं, ते काम काही शेकड्यांत होतं. तुमचा धूर चढाला, लोडवर आहे, त्यामुळे रिंगच असाव्यात, पण ९,५०० खर्चायच्या आधी खात्री केलेली बरी.

टायमिंग चेन आणि व्हॉल्व्ह सील ब्लॉक उतरलेला असतानाच घाला, मजुरी जवळजवळ फुकटात होते. क्लच प्लेटा मात्र घालू नका, स्लिप होत नसतील तर! उजवं कव्हर काढलं की त्या अर्ध्या दिवसात बदलतात. त्याच कव्हरच्या आत सेंट्रिफ्यूगल ऑइल फिल्टर असतो, तो नक्की उघडून साफ करायला लावा, त्याचा पार्टचा खर्च शून्य आहे आणि बरेच मिस्त्री तो न बघताच कव्हर बंद करतात.

आता १७,००० वाली यादी. मोठा ब्लॉक नको. झिजलेलं बोअर ०.२५ किंवा ०.५० मिलिमीटरने मोठं करून ओव्हरसाइज पिस्टन टाकणं ही दुरुस्ती झाली, पण सीसीच वाढवलं तर आरसी बुकातली नोंद आणि गाडी जुळत नाही, मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ मध्ये ते बसत नाही आणि अपघात झाला तर विमा कंपनीला क्लेम अडवायला कारण मिळतं. औषधांची पेटी घेऊन रोज रस्त्यावर असणाऱ्या माणसाने ही रिस्क घ्यायची नाही. कोन फिल्टर तर अजिबात नको, कुर्डुवाडी रोडची धूळ तुम्ही रोज खाताय, ती बोअरपर्यंत गेली तर रिंगा पुन्हा खाईल. कंपनीचाच एअर फिल्टर नवा टाका. आयरिडियम प्लग आणि सीडीआयने तुमच्या कामात काडीचा फरक पडणार नाही. फुल सिंथेटिकपेक्षा कंपनीने सांगितलेलं १०डब्ल्यू-३० वेळेवर बदला, पहिलं ५०० किलोमीटरलाच. या इंजिनात ऑइल बदलताना एक लिटरही लागत नाही, त्यामुळे थोडं कमी झालं तरी लगेच जाणवतं, दर रविवारी लेव्हल बघा.

माझं मत, फुल इंजिन करा, कंपनीच्या साइजचे ओरिजिनल पार्ट टाका, आणि नेहमीच्या कामाला १०,५०० ही मर्यादा ठेवा. केसला तडा निघाला किंवा गिअरचे दातच गेले आणि आकडा १५,००० च्या वर चालला तर थांबा, कारण जुन्या गाड्यांचा एजंट आहे तशा गाडीला १६,००० देतोय आणि इंजिन बांधल्याने तो काही २६,००० देणार नाही. पैसे बँकेतल्या शिलकेतूनच द्या, क्रेडिट कार्ड किंवा ॲपवरचा हप्ता नको. अंदाजपत्रक कागदावर लिहून घ्या, पार्टची बिलं आणि जुने पार्ट दोन्ही परत मागा. काम शुक्रवारी टाका म्हणजे रविवार मध्ये येतो आणि एक खाडा वाचतो.

एक तारीख डोक्यात ठेवा. आरसी २०२८ ला १५ वर्षांची होतेय, मग नूतनीकरण पाच वर्षांचं, त्याला आरटीओची तपासणी, फी आणि पर्यावरण कर. म्हणजे या इंजिनाकडून आपल्याला तिथपर्यंत काम करून घ्यायचंय, आयुष्यभर नाही. तुम्ही लिहिलंय की २,६०० चा हप्ता कसाबसा झेपेल. मग गाडी गॅरेजमधून आली की पुढच्या महिन्यापासून तेच २,६०० आरडीत टाका. २४ महिन्यांत ६२,४०० होतात, व्याजासकट ६६,००० च्या आसपास, मग नव्या गाडीला कर्ज लागलंच तर किरकोळ लागेल. चौथ्या महिन्यातच आरडी भरणं जड गेलं तर हप्ताही जड गेला असता, आणि तो चुकला असता तर फायनान्सवाल्याचा माणूस दारात आला असता. आरडी मोडली तर थोडं व्याज जातं, इतकंच.

कॉम्प्रेशनचे दोन्ही आकडे आणि रॉडला प्ले निघाला का ते कळवा, मिस्त्रीने काही वेगळं सांगितलं तर केस बंद करायच्या आधी कळवा, नंतर नको.