जर्मनीत शिकतोय, विद्यार्थ्याच्या बजेटमध्ये पॅरिस कसं पाहू?

वय २६ च्या आत असेल तर जर्मनीचं रेसिडेन्स परमिट हेच तुमचं तिकीट समजा. युरोपीय संघात राहणाऱ्या २६ वर्षांखालच्यांना लूव्र आणि ऑर्से ही संग्रहालयं फुकट आहेत, पासपोर्ट भारतीय असला तरी. मूळ कार्ड जवळ ठेवा, आणि लूव्रची वेळ ऑनलाइन आधीच घ्या. ऐनवेळी मिळेलच असं नाही. प्ती पॅले आणि कार्नाव्हाले या शहराच्या संग्रहालयांतले कायमचे संग्रह तर सगळ्यांनाच मोफत. (गर्दीचा वैताग असेल तर आधी प्ती पॅलेच गाठा.) आयफेलला दुसऱ्या मजल्यापर्यंत जिन्याने जा: ६७४ पायऱ्या, दम लागतो, पण तिकीट स्वस्त. पाण्याला पैसे घालू नका, रस्त्यावरच्या हिरव्या वॉलेस कारंज्यांवर बाटली भरा. कॉफी काउंटरवर उभ्यानेच घ्या, टेबलावर बसलात की दर वाढतो.