क्लायंटला सुरुवातीला किती कन्सेप्ट दाखवावेत?

तुम्ही विचारलंय की पहिल्या प्रेझेंटेशनला लोगोचे किती कन्सेप्ट न्यावेत, आणि क्लायंट दर वेळी ‘अजून काही ऑप्शन्स बघू’ म्हणाला तर काय करावं. आकडाच हवा असेल तर एक. फार तर दोन. तीन कधीच नाही.

क्लायंटला तीन कन्सेप्ट दाखवायचेच, या नियमावर माझा जुना राग आहे. मी आधी ज्या स्टुडिओत होते तिथल्या साहेबांचं गणित ठरलेलं होतं: एक आपल्याला पटलेला, एक सेफ आणि तिसरा नुसता भरतीचा. क्लायंटनं तिसरा नाकारायचा, त्याला निवड केल्याचं समाधान मिळतं आणि पहिला आपोआप पास होतो, असा त्यांचा हिशोब.

शाळांच्या प्रयोगशाळांसाठी मोजमापाची उपकरणं बनवणाऱ्या एका कंपनीचा लोगो करायचा होता. पहिला कन्सेप्ट माझा. मोजपट्टीवरच्या खुणांमधून कंपनीचं आद्याक्षर उभं राहत होतं. लोगो उपकरणावरच्या छोट्या पितळी पट्टीवर कोरला जाणार होता, उंची जेमतेम 8 मिलिमीटर, म्हणून रेषा आणि मधल्या फटी मी त्या मापाला प्रिंट काढून काढून ठरवल्या होत्या. तिसरा एका इंटर्नकडून घाईघाईत करून घेतलेला: अक्षांश-रेखांशांची जाळी असलेला पृथ्वीचा गोल आणि त्याला वळसा घालणारा बाण. तसले गोल तुम्ही ढिगानं पाहिले असतील. जे निवडलं गेलेलं आपल्यालाच चालणार नाही ते टेबलावर ठेवू नका, असं मी आदल्या दिवशी सांगितलं होतं. साहेब नुसते हसले.

मीटिंगला कंपनीचे फायनान्सचे प्रमुख येऊन बसले. ब्रीफच्या वेळी, म्हणजे काय हवंय ते ठरवताना, हे गृहस्थ नव्हतेच. त्यांनी तिन्ही प्रिंटआउट शेजारी शेजारी लावले, खिशातलं पेन काढलं आणि पहिल्या कागदावरून सरळ तिसऱ्यावर बाण ओढला. ‘गोल हा ठेवा, अक्षरं याची घ्या, निळा मधल्यातला.’ झालं फायनल! साहेब मान डोलावत होते. पुढे कोरकाम करणाऱ्यानं नमुना पाठवला, तर जाळी बुजून पृथ्वीचा नुसता डाग झालेला. मग एकेक रेखांश काढत गेलो, शेवटी उरलं एक वर्तुळ आणि बाण. ‘क्लायंट खूश आहे ना?’ एवढंच साहेब म्हणाले. तोवर खूश होताच, तक्रार नंतर आली.

अमेरिकी डिझायनर पॉल रँडनं 1986 मध्ये स्टीव्ह जॉब्जच्या नेक्स्ट या कॉम्प्युटर कंपनीसाठी 1 लाख डॉलर घेऊन एकच लोगो दिला, हे मी साहेबांना ऐकवायचे. ‘तू रँड नाहीस’ हे ठरलेलं उत्तर. नाहीच आहे. पण त्या किश्श्यातला कामाचा भाग कुणी सांगत नाही. रँडनं लोगोबरोबर एक पुस्तिका दिली होती. नावापासून त्या 28 अंशांत कललेल्या काळ्या ठोकळ्यापर्यंत तो कसा पोचला, ते तिच्यात क्रमानं मांडलेलं होतं. एकच दाखवायचा तर एवढी तयारी लागते. स्केचबुकात वीस कल्पना असू देत, पण त्यातल्या एकोणीस का सोडल्या ते तुम्हाला तोंडावर सांगता आलं पाहिजे. रंग शेवटी आणा. आधी काळ्या-पांढऱ्यात आणि खऱ्या मापात दाखवा, नाहीतर तासभर निळ्यावरच चर्चा होते. आणि आदल्या रात्री पीडीएफ पाठवू नका, ती तुमच्याशिवाय दहा जणांत फिरते.

आता ‘अजून ऑप्शन्स’चं. नवीन काही काढायच्या आधी ब्रीफचं पान उघडा आणि विचारा, यातलं काय साधलं नाही? उत्तर मिळालं तर तो तुमचा राउंड, म्हणजे दुरुस्तीची फेरी, गुपचूप करा. ‘तसं काही नाही, पण बघू ना’ असं आलं तर समजा की निर्णय घेणारा माणूस खोलीत नाहीये. त्याला बोलवा, तोवर माउसला हात लावू नका. ब्रीफच बदललं असेल तर नवं कोटेशन. किती राउंड आणि नाकारलेल्या कन्सेप्टचे हक्क कुणाकडे, हे कामाला हात घालण्याआधी लेखी असलं तरच यातलं काही बोलता येतं.

हे सगळं मी लोगो आणि ओळखचिन्हांच्या कामाबद्दल बोलतेय. पॅकेजिंगमध्ये ग्राहकांसमोर चाचणी घ्यायची असेल तर तीन-चार दिशा लागतातच, आणि त्या खऱ्याखुऱ्या वेगळ्या हव्यात. टेंडरमध्ये तीनची अटच लिहिलेली असेल तर तीन द्या, फक्त तिसराही मनापासून करा. अगदी नवे असाल आणि क्लायंट हातचा जाईल अशी भीती असेल तर दोन न्या, पण तुमचा कल कुठे आहे ते पहिल्या पाच मिनिटांत सांगून टाका.